गॅस म्हणजे नक्की कुठला?

आईच्या लेखी गॅस एकच. निळ्या ज्योतीचा, संपला की नंबर लावायचा, आणि झोपायच्या आधी रेग्युलेटर फिरवून बंद करायचा. अमेरिकेत पेट्रोललाही गॅसच म्हणतात, हे तिला आम्ही आल्या दिवसापासून सांगत होतो आणि ती दर वेळी "बरं" म्हणत होती. तर फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी सकाळी मी ट्रेलरच्या मागून ओरडलो, "आई, गॅस बंद कर गं, मी गॅस काढतोय." आतून शांतपणे प्रश्न आला, "मग चहा कशावर करू?"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती खरं तर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि ज्योत शोधते. आणि आमच्या ट्रेलरमध्ये ज्योती तीन. शेगडी, पाणी तापवायचा बंब, आणि फ्रिज. हो, फ्रिजसुद्धा. वीज नसली की तो प्रोपेनच्या बारीक ज्योतीवर चालतो. आग लावून थंड करायचा हा प्रकार अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेवटपर्यंत पटला नाही. तेव्हा पेट्रोलला हात लावायच्या आधी तिन्ही विझवायच्या, सिलिंडरचा कॉक बंद करायचा, मग बाकीचं. चहा थांबला.

आम्ही क्वार्टझसाइटला होतो. ॲरिझोनातल्या फिनिक्सहून इंटरस्टेट १० धरून पश्चिमेला २०० किलोमीटर गेलं की हे गाव लागतं. पुढं तीसेक किलोमीटरवर कोलोरॅडो नदी, तिच्या पलीकडं कॅलिफोर्निया. उन्हाळ्यात इथं कुणी फिरकत नाही. हिवाळ्यात मात्र उत्तरेकडची थंडी चुकवायला निघालेली म्हातारी माणसं आपापली चाकांवरची घरं घेऊन येतात आणि वाळवंटात जिथं सपाट जागा दिसेल तिथं मुक्काम टाकतात. गावाभोवतीची सरकारी जमीन, तिच्यातल्या बऱ्याच भागांत १४ दिवस फुकट राहता येतं. पाणी नाही, वीज नाही, शेजारी हाकेच्या अंतरावर. जत्रेत गावोगावच्या गाड्या सोडलेल्या असतात ना, थेट तसं दृश्य. फक्त बैल नाहीत आणि प्रत्येकाच्या छपरावर सोलर.

आदल्या दिवशी गावातल्या दफनभूमीत एक पिरॅमिड बघून आलो होतो. दगडाचा, अंगणातल्या देवळाएवढा, वर धातूचा उंट. १८५६ साली अमेरिकी लष्करानं वाळवंटात वापरून बघायला उंट आणले, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या एका उंटवाल्याची ती समाधी. इथल्या लोकांना त्याचं नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचं 'हाय जॉली' करून टाकलं. मूळ नाव हाजी अली. आई पाटीसमोर उभी राहून म्हणाली, "इथंसुद्धा?" मुंबईला लग्नकार्याला गेली की बसच्या खिडकीतून हात जोडायची तिची सवय. तिनं इथंही जोडले.

ट्रेलर कसला, तेही सांगायला हवं. याला टॉय हॉलर म्हणतात, म्हणजे खेळणी वाहणारा. पुढच्या अर्ध्यात घर: पलंग, ओटा, न्हाणी. मागच्या अर्ध्यात गराज; त्याची मागची भिंत केबलवर खाली येते आणि तीच उतार होते. त्यावरून डर्ट बाइक नाहीतर चारचाकी एटीव्ही आत चढवायची. घर आणि गोठा एकाच छपराखाली, दोन्हींच्या मध्ये एक दार. ही कल्पना कुणा अमेरिकनाला सुचली याचं आईला अजिबात नवल वाटलं नाही. "वास येतो का तिकडनं?" एवढंच तिनं विचारलं. येतो. पेट्रोलचा.

आणि या गोठ्यातल्या जनावरांना पाजायला ट्रेलरच्या कुशीत स्वतःचा पेट्रोल पंप. बाहेरून एक कुलूपबंद झडप. उघडली की आत गुंडाळलेली नळी आणि रस्त्यावरच्या पंपावर असतो तसाच नोझल. पोटाखाली ३० गॅलनची, म्हणजे ११४ लिटरच्या आसपासची प्लॅस्टिकची टाकी. मधे १२ व्होल्टचा छोटा पंप. घरातून बटण दाबायचं, बाहेर येऊन नोझल दाबायचा. जनरेटरची टाकी वेगळी. एवढं सोपं यंत्र. मला त्यानं साडेतीन महिने नाचवलं.

ट्रेलर जुना घेतलेला. मेसामधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून. त्यांच्या घराशेजारी तो दोन उन्हाळे टाक्या रिकाम्या करून उभा होता. ॲरिझोनाचे दोन उन्हाळे म्हणजे रबराचं वय दहा वर्षांनी वाढतं. बटण दाबलं तर पंप आजाऱ्यासारखा कण्हायचा आणि नोझलमधून करंगळीएवढी धार. मी मल्टीमीटर घेतला. फ्यूज शाबूत. पंपाच्या टोकांना मोजलं तर साडेबारा व्होल्ट. मग अडतंय कुठं?

इथं पहिली अक्कल आली, तीही अण्णांमुळं. ते नुकतेच सहा महिन्यांसाठी आले होते, तासगावची द्राक्षबाग भावावर सोपवून, आणि रिकामं बसणं त्यांना जमत नव्हतं. म्हणाले, "मोटर बंद ठिवून मोजतुयास व्हय? चालू करून मोज." गावाकडं हे पोरालाही माहीत असतं. बल्ब झकास लागतो, मोटर मात्र उचलत नाही. कारण भार पडला की व्होल्टेज बसतं. पंप चालू करून मोजलं. बॅटरीपाशी १२.६, पंपापाशी ९.८. पावणेतीन व्होल्ट वाटेत गायब. वायर धरून मागं गेलो तर अर्थिंगचा लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, जिथं चासीला बोल्टनं आवळलेला, तिथं गंज आणि पांढरी बुरशी. घासला, नवा लग दाबला, आवळला. आता पंपापाशी १२.१, आणि आवाज असा खणखणीत की शेजारचं कुत्रं भुंकलं.

खरा दोष सापडला होता, आणि तिथंच फसलो. एकदा दोष हातात आला की माणूस शोधायचं थांबतो. धार आता जोरात सुरू व्हायची, पण काही वेळानं मावळायची. मी मनाशी म्हटलं, इतके दिवस कमी व्होल्टेजवर चालून पंपच झिजला असणार. एका वर्कशॉपमध्ये नेला. तिथल्या माणसानं बटण दाबून अर्धा मिनिट ऐकलं आणि सांगितलं, पंप गेला. मला तेच ऐकायचं होतं. नवा पंप मागवला, दोनशे डॉलरच्या आसपास गेले, स्वतः बसवला. कॅननं पाच गॅलन टाकीत ओतलं, झाकण त्याच्या साखळीला तसंच लोंबकळत ठेवलं, बटण दाबलं, आणि सगळंच्या सगळं परत कॅनमध्ये काढून दाखवलं. अण्णांनी टाळी वाजवली. बायकोनं व्हिडिओ काढला.

ते लोंबकळणारं झाकण त्या व्हिडिओत स्वच्छ दिसतं. मी नंतर वीस वेळा बघितलं.

क्वार्टझसाइटला निघताना हमरस्त्यावरच्या पंपावर टाकी तुडुंब भरली. खटका पडला तरी पुन्हा थोडं, पुन्हा थोडं, आपल्याकडं भरतात तसं. झाकण कर्र कर्र वाजेपर्यंत आवळलं. रात्री मुक्कामी पोचलो. सकाळी चिरंजीव, वय अकरा, हेल्मेट घालूनच न्याहारीला बसले. त्याच्या बाइकच्या टाकीत नोझल घातला. जोरदार धार. मी मनात दहापर्यंत मोजलं असेल नसेल, धार बारीक झाली, फुसफुसली, थांबली. पंप मात्र चालूच, घुंऽऽ करत. आवाज हळूहळू चढत गेला, कोरड्या विहिरीवरच्या मोटरसारखा.

"हवा धरली," अण्णा म्हणाले.

हे निदान ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल की त्यापुढं वाद नसतो. विहिरीवरची मोटर फिरतेय आणि पाणी येत नाही, म्हणजे ओढायच्या बाजूला कुठंतरी हवा शिरतेय किंवा खालचा फुटबॉल गळतोय. फुटबॉल म्हणजे फूट व्हॉल्व्ह, पाइपच्या बुडाशी असलेली झडप. आमच्याकडं सगळे फुटबॉलच म्हणतात. चिरंजीव लगेच "कुठंय?" म्हणून ट्रेलरखाली शिरले. फुटबॉल गळला की पाइपातलं पाणी उतरतं, पंप कोरडा पडतो, मग वरून बादली ओतून त्याला भरायचं. लहानपणी मी त्या बादलीत शेण कालवून दिलंय. शेणकाला झडपेच्या फटीत जाऊन बसतो आणि तेवढ्यापुरती गळती बंद होते. अण्णांनी आजूबाजूला नजर टाकली. सगुआरो निवडुंग, क्रिओसोटची झुडपं, खडी. शेण कुठंच नव्हतं.

मग दिवसभर आम्ही हवा शोधत होतो. बॅटरीचं टोक सोडून, टाकीवरून येणारी ओढीची नळी मी उलगडत गेलो. रबर कडक झालेलं दिसलं, तेही स्वाभाविक. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, आपल्याकडं आता २० टक्के. जुन्या नळ्यांना ते मानवत नाही, शिवाय ते हवेतली ओल ओढून घेतं. नळीचा शेवटचा इंचभर कापून टाकला, नवे क्लिप गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणले. ते लहान निघाले, परत गेलो. ओढीच्या बाजूची गळती दिसत नाही, कारण तिथून काही बाहेर येत नाही, आत जातं. म्हणून अण्णांनी प्रत्येक सांध्याला बाहेरून ग्रीस चोपडलं. ते उकिडवे बसून हे काम करत असताना त्यांना इतकं खूश मी गेल्या दोन महिन्यांत बघितलं नव्हतं. मधेच त्यांनी नळी तोंडात धरून पेट्रोल ओढून बघायचा प्रस्ताव मांडला. राजदूतचं पेट्रोल असंच काढायचो की, म्हणाले. मी नाही म्हटलं. मी जवळ नसताना त्यांनी काय केलं ते माहीत नाही, पण दुपारी ते बराच वेळ चुळा भरत होते.

संध्याकाळी जोडणी करून बटण दाबलं. जोरदार धार. आम्ही एकमेकांकडं बघितलं. आणि पुन्हा तेच, दहा-बारा सेकंदांत घशात घास अडकल्यासारखी थांबली.

रात्री शेकोटीपाशी (ट्रेलरपासून चांगली लांब) अण्णा गप्प होते. मग म्हणाले, "पंप पाणी वडत नसतोय. हवा ढकलती, तवा ते वर येतंय." हे त्यांनी मला आधीही सांगितलेलं. पंप फक्त पाइपातली हवा काढून जागा करून देतो. विहिरीतल्या पाण्यावर वरून हवेचा भार असतो, तो पाण्याला त्या रिकाम्या जागेत रेटतो. म्हणूनच उन्हाळ्यात पाणी पंचवीस फुटांच्या खाली गेलं की मोटर विहिरीत खाली उतरवावी लागते. हवेच्या रेट्यालाही मर्यादा आहे. ती कागदावर ३३-३४ फुटांची, शेतावर त्याहून बरीच कमी. हे सगळं ते बोलले, मी मान डोलावली, आणि आम्ही दोघंही झोपायला गेलो. उत्तर शेकोटीभोवती फिरून गेलं होतं, दोघांनाही दिसलं नाही. कारण अण्णांचा सगळा अनुभव विहिरीचा. आणि विहिरीला झाकण नसतं.

रविवारी सकाळी जे झालं त्याचं श्रेय घरात अजून वादात आहे. पहाटे कडाक्याची थंडी होती. अण्णा उठून, टाकीत पाणी उतरलंय का ते वासावरून बघावं म्हणून भरायच्या तोंडाचं झाकण उघडायला गेले. कळतं का वासावरून? नाही कळत. पण त्यांना विहिरीत डोकावल्याशिवाय चैन पडत नाही. झाकण सैल करताच स्सऽऽ असा आवाज झाला. मी दारात उभा राहून दात घासत होतो, मीही ऐकला. नेमक्या त्याच वेळी चिरंजीवांनी, जे आदल्या दिवसापासून दर अर्ध्या तासानं हा प्रयत्न करतच होते, आतलं बटण दाबलं आणि पलीकडच्या बाजूला जाऊन नोझल दाबला. धार लागली. लागलीच. बाइकची टाकी भरली तरी थांबेना. त्यानं घाबरून नोझल सोडला.

अण्णा म्हणाले, ग्रीस बसलं. मी म्हटलं, रात्रभर थांबल्यानं नळी भरली असेल. पोरगा म्हणाला, मी केलं. अर्धा तास आम्ही यावर भांडलो, आणि भांडता भांडता अण्णांनी व्यवस्थित माणसासारखं झाकण पुन्हा लावून टाकलं. मी सिद्ध करायला म्हणून नोझल कॅनमध्ये धरला. बारा सेकंद. बंद.

मग मात्र डोक्यात काहीतरी हललं. "अण्णा, झाकण काढा." स्सऽऽ. धार. "लावा." थोड्या वेळानं बंद. "काढा." धार. तीनदा केलं. चौथ्यांदा गरज नव्हती, पण मजा म्हणून केलं. अण्णांनी कपाळावर हात मारला. "फवारणीच्या पंपाचं बी असंच होतंय की रं!" पाठीवरच्या पंपाच्या झाकणाला बारीक भोक असतं. ते औषधाच्या भुकटीनं बुजलं की टाकी आत ओढली जाते, पोट खपाटीला गेल्यासारखी. चाळीस वर्षं बागेत त्यांनी तो पंप पाठीवर घेतलाय, ते भोक काडीनं मोकळं केलंय. पण आम्ही हुडकत होतो मोटरपंपाच्या खात्यात, आणि ही नोंद फवारणीच्या खात्यात होती.

टाकीला हवा घ्यायला वाट हवी. आमच्या टाकीला ती होती, झाकणात नव्हे तर वरच्या कोपऱ्यातून निघणारी बोटाएवढी वेगळी नळी. पेट्रोल जाईल तेवढी हवा तिच्यातून आत यायची. तीच बंद. झाकण घट्ट, वाट बंद. पंप पेट्रोल काढतो, आतली थोडीशी हवा ताणली जाते, दाब उतरतो. पंप आणखी जोर लावतो, तर कमी दाबाखाली पेट्रोल ओढीच्या नळीतच उकळून त्याची वाफ होते, आणि पंपाच्या हाती वाफेशिवाय काही लागत नाही. टाकी जितकी भरलेली तितकी आत हवा कमी, तितका पंप लवकर अडणार. घरी अर्धवट टाकीवर धार कितीतरी वेळ टिकायची ती त्यामुळं, आणि इथं तुडुंब भरून आणली म्हणून बारा सेकंद. शिवाय घरी दुपारच्या उन्हात झाकण उघडलं की फुस्स करून वाफ बाहेर यायची. मला वाटायचं, कुकरसारखं असेल, चांगलं घट्ट झाकण आहे. भरताना मात्र कुठं अडलं नाही, कारण भरताना आतली हवा दुसऱ्या एका नळीनं भरायच्या तोंडाशीच परत येते. एकेक साक्षीदार येऊन साक्ष देऊन गेला होता, मी लिहून घेतली नव्हती. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक वाक्य आहे, "माझ्या मशीनवर तर चालतंय." ते म्हणणाऱ्यांना मी आजवर खूप हसलोय.

खडीवर उताणा पडून ती नळी चाचपत गेलो. टाकीवरून चासीच्या आतल्या अंगानं मागं, आणि चाकाच्या वर एका कोनात तिचं तोंड. बॅटरीच्या उजेडात बघितलं. तोंडाशी करड्या मातीचं बूच. चिखल उडून बसलेला नव्हे. कडा गुळगुळीत, मधे किंचित खोलगट, ओल्या बोटानं सारवल्यासारखं.

अण्णा शेजारी आडवे झाले, चष्मा सरकवला आणि बघताक्षणी म्हणाले, "कुंभारीण."

खरंच ती. भिंतीच्या कोपऱ्यात, दाराच्या कुलपात, प्लगच्या भोकात मातीची घरं करणारी सडसडीत कमरेची माशी. इथं तिच्या वेगळ्या जाती, पण कारागिरी तीच. ट्रेलर मेसात रिकाम्या टाकीनं उभा होता, त्यातल्या एखाद्या उन्हाळ्यात तिला ही नळी आयती मिळाली असणार.

"हात लावू नका," आई म्हणाली. ती खुर्ची ओढून आमच्या पायांशी येऊन बसली होती. कुंभारणीचं घर पाडू नये, घरात पाळणा हलायचा असतो. मी म्हटलं, आई, मी ४४ वर्षांचा आहे. "तुझं कोण म्हणतंय," ती म्हणाली. आमची धाकटी बहीण पुण्यात असते. विषय नाजूक होता. अण्णांनी तोडगा काढला: नळी वेगळी काढायची, घर उकरायचं पण फोडायचं नाही, आणि जे असेल ते जपून बाहेर ठेवायचं. हत्यार? आईनंच बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली.

नळीच्या तोंडाशी माती दगडासारखी. पिनेच्या टोकानं कडेकडेनं कोरली तर खापरीसारखे पापुद्रे सुटले. पहिल्या बुचामागं बोटाच्या पेराएवढी पोकळी. तिच्यात आठ-नऊ कोळी, अगदी बारीक, पाय छातीशी गोळा केलेले, वाळून कोंड्यासारखे हलके. त्यांच्यामागं पुन्हा मातीची भिंत, पुन्हा पोकळी. दुसऱ्या पोकळीत तपकिरी, कागदासारखी कुपी. चिरंजीवांनी ती तळहातावर घेतली. आत काहीतरी होतं, वाळलेलं. आम्ही त्या टाकीत पेट्रोल भरलं, त्या दिवसापासून तिथं वाफच होती. आईला ते सांगितलं नाही.

कीर्तनात आपण ऐकत आलोय, कुंभारीण किडा आणून कोंडते, त्याच्याभोवती गुणगुणत राहते, आणि तिच्या ध्यासानं तो किडाच शेवटी तिच्यासारखा होऊन उडून जातो. ध्यानाचा महिमा सांगायला भृंगी-कीटक न्याय. अण्णांनी नातवाला तोच सांगितला. मी नंतर बाजूला घेऊन त्याला दुसरी बाजू सांगितली: माशी कोळ्याला दंश करून लुळा करते, मारत नाही, त्याच्यावर अंडं घालते, अळी बाहेर येऊन तो ताजा शिधा खाते. त्याला ही गोष्ट जास्त आवडली. अकराव्या वर्षी आवडणारच.

घरी आल्यावर रात्री फोनवर वाचत बसलो. २०११ मध्ये मझदानं उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५,००० गाड्या परत बोलावल्या होत्या. टाकीच्या हवेच्या नळीत एक पिवळसर कोळी जाळं करायचा. पेट्रोलच्या वासाकडं तो ओढला जातो असं म्हणतात. हवा अडून टाकीला तडा जाण्याची भीती. इतकं वाचून बरं वाटलं, आपण एकटे नाही. मग पुढचं वाचलं. ६ फेब्रुवारी १९९६, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं बोइंग ७५७ काही मिनिटांत समुद्रात पडलं. १८९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. वेग मोजणारी एक नळी तुंबली होती, त्यामुळं वैमानिकांना वेग चुकीचा दिसत होता. विमान बरेच दिवस जमिनीवर उभं, नळ्यांवर टोपणं नाहीत. ती नळी समुद्रातून कधी मिळालीच नाही, पण तपास करणाऱ्यांचा सर्वाधिक संशय होता तो कुंभारणीच्या घरावर. फोन ठेवून दिला. गराजमध्ये जाऊन ट्रेलरची हवेची नळी पुन्हा एकदा बघून आलो. तिच्या तोंडाला आता बारीक पितळी जाळी बसवलीय, चहाच्या गाळणीची.

पण ते नंतरचं. त्या रविवारी सकाळी मी नळी परत जोडली, झाकण घट्ट लावलं, अण्णांनी नोझल धरला. कॅनमध्ये दहा लिटर अखंड पडलं, आवाजात चढउतार नाही. अण्णा कान देऊन ऐकत होते, नाडी बघितल्यासारखे. मग नोझल जागेवर ठेवला, झडपेला कुलूप. चिरंजीव केव्हाच धुरळा उडवत निघून गेले होते, त्यांना यात काही रस उरला नव्हता. आईनं मातीचे पापुद्रे, ती कुपी आणि कोळ्यांचा कोंडा एका रिकाम्या दह्याच्या डब्यात गोळा केला आणि पलीकडच्या पालो व्हर्दे झाडाच्या बुंध्याशी, उन्हात, नेऊन ठेवला. डबा मात्र परत आणला. धुऊन घेते म्हणाली.

वाफ विरायला अर्धा तास जाऊ दिला. मग सिलिंडरचा कॉक उघडला.

"आता लावू का गॅस?" आतून आवाज आला.

"लाव," अण्णा म्हणाले, आणि हात हुंगत, खडीवरच बसून राहिले.